बावीस सेकंदांची जागा

यंदाच्या वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला मी नेहमीप्रमाणे बेळगावच्या नरगुंदकर भावे चौकाच्या कोपऱ्यावर उभा होतो. रात्र बरीच चढली होती. एका गल्लीचा चित्ररथ समोर आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पन्हाळा उभा केलेला, पोरांनी आठ-आठ दिवस जागून थर्माकोल आणि गोणपाटाचा बुरूज रचलेला. बुरुजाखाली मावळ्याच्या वेशात दहा-बारा वर्षांचा एक मुलगा हातात हलगी घेऊन उभा होता. हलगी खरी होती, चामड्याची. पण ती वाजत नव्हती. मागच्या डॉल्बीच्या भिंतीतून हलगीचा ठेका कानठळ्या बसवत येत होता आणि मुलगा त्या ठेक्यावर काडी हवेतल्या हवेत हलवत होता.

तोच ठेका मी त्या रात्री आणखी चार मंडळांच्या डॉल्बीवर ऐकला. वेग तोच आणि आवर्तनाच्या शेवटी येणारा कडक फटकाही तोच.

आमच्या गल्लीत डॉल्बी चालवणारा पोरगा मला काका म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्याला गाठलं. त्यानं लॅपटॉप उघडून ‘हलगी’ नावाचं फोल्डर दाखवलं. आत शेकडो तयार तुकडे, वेगाप्रमाणे लावलेले. “काका, सगळ्यांकडं हेच हाय,” तो म्हणाला. हलगी कुणी वाजवली, कुठल्या गावात, कधी, हे त्याला सांगता आलं नाही. सांगता येण्याची सोयच त्या फोल्डरमध्ये नव्हती.

त्या पोरावर माझा राग नाही. रात्र-रात्र उभं राहून तो घर चालवतो. प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे. सीमाभागात आपण १९५६ पासून पाट्यांवरच्या अक्षरांसाठी, शाळांसाठी, सातबाऱ्याच्या उताऱ्यावरच्या भाषेसाठी झगडत आलो. तो झगडा खरा आहे आणि मी त्यात आहे. पण आपल्या रस्त्यांचा आवाज आपण कुणी मागितला नसताना देऊन टाकला. डोळे मिटून मिरवणूक ऐकली तर आपण बेळगावात आहोत की आणखी कुठं, हे कानाला ओळखता येत नाही. तो आवाज परत आणायचा एक रस्ता मला दिसतो, आणि गेली काही वर्षं मी स्वतः त्या रस्त्यानं चालतो आहे. म्हणून हे लिहितोय.

माझ्याकडे अकाईचा एमपीसी २००० आहे. हे मॉडेल १९९७ साली बाजारात आलं. माझा एमपीसी गोव्यातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुना घेतलेला. सोळा रबरी पॅड, एक लहानसा पडदा, एक मोठं गोल चाक आणि फ्लॉपीची खाच. याला सॅम्पलर म्हणतात. बाहेरचा कुठलाही आवाज आत घ्यायचा, त्याचा तुकडा कापायचा, तो पॅडवर बसवायचा आणि बोटानं वाजवायचा. कीबोर्डमध्ये शे-पाचशे आवाज कारखान्यातून भरून येतात. सॅम्पलर चालू केला की तो मुका असतो. आपण काही ऐकवलं तरच तो बोलतो. या एका गुणासाठी मी त्याच्या प्रेमात आहे.

त्याची मूळ मेमरी २ मेगाबाइट. एकेरी आवाजात, म्हणजे मोनोमध्ये, तिच्यात बावीसेक सेकंद मावतात. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर पंधरा-सोळा सेकंद. मेमरी ३२ मेगाबाइटपर्यंत वाढवता येते, पण मी ती मुद्दाम वाढवलेली नाही. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा बऱ्याचदा २ मेगाबाइटांत बसत नाही. तेवढ्या जागेत अख्खं गाणं उभं करायचं.

ही चणचण या यंत्रांच्या जन्मापासूनची आहे. ऑस्ट्रेलियात १९७९ साली फेअरलाइट नावाचा संगणकी वाद्यसंच निघाला, तो मोठमोठ्या स्टुडिओंनाच परवडायचा. ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा १९८७ सालचा. त्यात सगळे मिळून दहा सेकंद मावायचे, आणि एकेक तुकडा अडीच सेकंदांच्या वर नाही. न्यूयॉर्कच्या वस्त्यांमधल्या काळ्या तरुणांनी त्या दहा सेकंदांत काय केलं? आई-बापांच्या जुन्या तबकड्या काढल्या. मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर फिरवून आवाज घाईघाईनं आत भरला आणि आत गेल्यावर सावकाश वाजवला. जागा वाचली. पण त्या खटाटोपात आवाजाची वरची झिलई गेली आणि तो खरबरीत, जाडाभरडा झाला. एसपी-१२०० सेकंदाला सुमारे २६ हजार वेळा आवाजाचा नमुना घ्यायचा. अशा नमुन्यांतून त्याच्या निम्म्याच कंपनसंख्येपर्यंतचा आवाज नीट उभा राहतो, म्हणजे १३ हजारांच्या वरचं सगळं कापलं जायचं. शिवाय प्रत्येक नमुना १२ बिटांचा, म्हणजे लहानात लहान आवाजापासून मोठ्यात मोठ्यापर्यंत ४०९६ पायऱ्या. आजच्या सीडीत त्या ६५,५३६ असतात. हिप-हॉप या अख्ख्या संगीतप्रकाराला त्या खरबरीतपणाची ओळख मिळाली. आमच्याकडे जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात. कापड विटलेलं असतं, तुकडे वेगवेगळ्या घरच्या लुगड्यांचे असतात, आणि तरी कुणाची वाकळ कुठली ते टाक्यांवरून ओळखू येतं. मला सॅम्पलरचं काम त्याच जातीचं वाटतं.

मागच्या पावसाळ्यात मी वडगावात एका विणकराच्या घरी यंत्रमागाचा आवाज घ्यायला गेलो. पत्र्याखाली माग, बाहेर पाऊस, आत बोललेलं ऐकू येत नाही असा खडखडाट. फोनवर चाळीस मिनिटं घेतलं. घरी आलो आणि हिशेब मांडला. चौंडक्याला (जोगतिणींचं तारेचं वाद्य), पखवाजाला, भजनातल्या टाळांना जागा ठेवायची तर मागाच्या वाट्याला तीन सेकंद येत होते. चाळीस मिनिटांतले तीन सेकंद निवडायचे म्हणजे चाळीस मिनिटं पुन्हा पुन्हा ऐकायची. मी तीन दिवस ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की सूत नेणारा धोटा एकीकडून दुसरीकडे जाताना बसणारा ठोका आणि परत येतानाचा ठोका एक नाहीत. एक कोरडा आहे, एक किंचित दबलेला. म्हणजे मागाला धा आणि ता आहे! मी वडगावात लहानाचा मोठा झालो. हा आवाज मी जन्मल्यापासून ऐकतोय आणि पन्नाशी गाठेपर्यंत मला तो ऐकू आलेला नव्हता.

दोन्ही ठोके दोन पॅडवर बसवले. सॅम्पलरमध्ये सूर खाली उतरवला की आवाज लांबतो आणि भारी होतो. कोरडा ठोका पाच स्वर खाली नेला तेव्हा तो धनगरी ढोलाच्या जवळ गेला. एमपीसीच्या आद्य यंत्राची, १९८८ च्या एमपीसी ६० ची रचना रॉजर लिन यांनी केली. त्यात बोटांनी वाजवलेला ठेका आपोआप घड्याळाच्या ओळीत बसवायची सोय आहे, आणि त्या ओळीतून मोजूनमापून जरा ढळू देण्याचीही. मी ती सोय बंद ठेवली. माग घड्याळासारखा चालतच नाही. सूत तुटतं, विणकर थांबवतो, पुन्हा लावतो, वेग थोडा बदलतो. ते सरळ केलं असतं तर वडगाव निघून गेलं असतं.

काम होत आलं आणि लाईट गेली. या यंत्रात फ्लॉपीवर न साठवलेलं सगळं वीज जाताच पुसलं जातं. दोन तासांचं गेलं. पुन्हा बसवताना मला काय आठवतंय तेवढंच बसवलं, आणि जे आठवलं नाही ते त्या गाण्याला नकोच होतं असं आज मला वाटतं.

आता कुणी विचारेल की हे सगळं संगणकावर होत नाही का? होतं. सहज होतं, जास्त स्वच्छ होतं. संगणकावरही बावीस सेकंदांची अट घालून घेता येईल. पण घरी बसून व्रत पाळणं आणि वारीत चालणं यात फरक आहे. वारीत माणूस टिकतो कारण पायाखालचा रस्ता आणि सोबतची माणसं त्याला धरून ठेवतात. संगणकासमोर बसलेल्या मुलाच्या एका बोटाच्या अंतरावर दहा हजार तयार ठेके असतात. तो आपल्या आजोबांची हलगी रेकॉर्ड करायला उठेल कशाला? मी शिकवायला घेतलेल्या मुलांत हे डोळ्यांनी पाहिलंय. लॅपटॉप समोर असला की ती दोन तास फोल्डर चाळतात. सॅम्पलर समोर ठेवला की दहाव्या मिनिटाला एक जण उठतो आणि स्वयंपाकघरातला खलबत्ता घेऊन येतो.

मर्यादेतून कान तयार होतो, याला आपल्याच मातीतला मोठा दाखला आहे. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. लहानपणी ते थोरामोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांचं गाणं हुबेहूब गात आणि लोक थक्क होत. म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं परत देण्याची ताकद त्यांच्याकडे बालपणीच होती. पुढं क्षयरोगानं त्यांना गाठलं, देवासला काही वर्षं अंथरुणावर काढावी लागली, गायला बंदी झाली. त्या काळात खिडकीबाहेरची माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली आणि त्यांतून त्यांनी पुढं स्वतःचे राग घडवले. आजाराचं कौतुक मला करायचं नाही, त्या माणसानं फार सोसलं. पण गळा बंद असताना उघडा राहिलेला कान काय करू शकतो, हे मला त्यांच्यामुळं कळलं. आणि ते ज्या तबकड्या ऐकून वाढले, त्यासुद्धा जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं मुद्रित झालं तेव्हापासून आपल्या गवयांनी तासाभराचा राग तीन मिनिटांत मांडायची कला कमावली. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐका, काय गाळायचं हे त्या माणसाला किती नेमकं कळत होतं!

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप माझ्याच एका विद्यार्थ्यानं घेतला. त्याचे वडील हमाली करतात. तो म्हणाला, “काका, मोबाइलवर मला सगळं फुकट मिळतंय. हे मशीन घ्यायचं तर बाबांचे किती महिन्यांचे पैसे जातील?” त्याचं म्हणणं बरोबर आहे. जुन्या सॅम्पलरांना आता हौशी लोकांनी डोक्यावर घेतलंय आणि किमती अवाच्या सवा वाढल्यात. अमेरिकेतून आलेलं यंत्र ११० व्होल्टचं असतं, त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो. फ्लॉपी मिळवणं कठीण. सोनीनंच २०११ मध्ये जपानात त्यांची विक्री थांबवली. त्यामुळं प्रत्येक पोरानं जुना सॅम्पलर विकत घ्यावा असं मी म्हणणार नाही, आणि जुनं आहे म्हणून त्याची पूजाही कुणी करू नये. फोन तर हवाच. आवाज गोळा करायला फोनइतकं चांगलं साधन आपल्या हातात कधीच नव्हतं.

माझी मागणी मंडळांकडे आहे. डॉल्बीच्या भाड्यातला एक वाटा बाजूला काढा आणि दोन-तीन गल्ल्यांत मिळून एक सॅम्पलर घ्या. तालमीत जसा एक ढोल सगळ्यांचा असतो तसा. जुना मिळाला तर जुना, नाहीतर कमी मेमरीचा, पडद्याचा फारसा खेळ नसलेला कुठलाही. जुन्याचा एक मोठा फायदा असा की तो उघडता येतो. माझ्या मशीनची दमलेली बटणं आणि फ्लॉपी ड्राइव्ह रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीनं बदलून दिला. आता फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह घेणारी खोकीही मिळतात. ज्याच्या हाताला सोल्डरिंगची सवय आहे असा माणूस सीमाभागातल्या प्रत्येक बाजारपेठेत सापडतो, आणि त्याला काम हवं आहे.

दर गणपतीला आणि शिवजयंतीला आपल्याकडे आवाजाची चर्चा होते ती डेसिबलची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस सरकारला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. हे नियम पाळले गेले पाहिजेत. म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं या भिंतींसमोरच्या घरांतच राहतात. पण मिरवणूक हळू आवाजात गेली तरी त्या आवाजात आपलं काही नसेल तर? लोकमान्यांनी १९०५ साली बेळगावच्या झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसवला तेव्हा तो उत्सव लोकांनी स्वतः काहीतरी करून दाखवायची जागा होता.

आणि ‘आपलं’ म्हणजे फक्त मराठी, असं मला म्हणायचं नाही. इथं आवाजाच्या बाबतीत ते खरंही नाही. हलगीला कन्नडमध्येही हलगीच म्हणतात. आपलं चौंडकं तिकडे चौडिके होतं. करडी मजलवाले, म्हणजे करडी ढोलाचे ताफे, कन्नड गावांतून येतात आणि मराठी गावांच्या यात्रांत वाजवतात. भाषेचा हक्क मी सोडणार नाही, पण या वाद्यांची वाटणी करायला कुणी आलं तर त्यालाही मी विरोध करीन.

एक गोष्ट मात्र मी सुरुवातीला चुकलो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर माघी पौर्णिमेच्या यात्रेत एका म्हाताऱ्या जोगतिणीला मी चौंडकं वाजवायची विनंती केली. तिनं विचारलं, किती वेळ? मी म्हणालो, थोडंसं, चार-पाच सेकंद पुरे. ती अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलत म्हणाली की तेवढ्यात आईचं नावसुद्धा घेऊन होत नाही. मी गप्प झालो. मग तिनं अख्खं पद म्हटलं. एका हातानं चामड्याला जोडलेली तार ताणत-सैल करत, दुसऱ्या हातानं छेडत. तारेचा ताण बदलला की तो आवाज माणसाच्या हुंकारासारखा वर-खाली होतो. पद अकरा मिनिटं चाललं.

चौंडक्यामागं काय आहे ते आपल्याला माहीत आहे. मुली देवीला सोडायच्या प्रथेवर कर्नाटकानं १९८२ साली कायद्यानं बंदी आणली. त्या प्रथेत ज्यांची आयुष्यं गेली त्यांच्याच हातांनी हे वाद्य आपल्यापर्यंत आणलं. त्यातला एक हुंकार कापून, खाली नाव न घालता, मिरवणुकीत वाजवणं म्हणजे त्या निनावी हलगीच्या फोल्डरमध्ये आणखी एक तुकडा टाकणं. कॉपीराइट कायद्यानं, त्याच्या ३८ व्या कलमानं, कलाकाराला आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क दिलाय. त्याच्या संमतीवाचून ते मुद्रित करता येत नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं व्यापारी वापराच्या मोबदल्यावरही त्याचा हक्क सांगितलाय. जोगतीण किंवा हलगीवाला कोर्टात जाणार नाही, हे ठाऊक असल्यामुळंच आपण पाळणं जास्त गरजेचं आहे. पैसे आधी द्यावेत. ज्याला नाव चालत असेल त्याचं नाव मंडपातल्या फलकावर वर्गणीदारांच्या वर लिहावं.

म्हणून आता मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. अकरा मिनिटांचं पद अकरा मिनिटांचंच ठेवलंय, एक सेकंदही न कापता. ते तिच्या नातवाच्या फोनमध्येही घालून दिलंय. सॅम्पलरमध्ये तिच्या परवानगीनं एकच हुंकार गेला, पाऊण सेकंदाचा. तो पॅड दाबला की मला अख्खं पद आठवतं. तयार फोल्डरमधून आलेल्या तुकड्यामागं असं काही आठवायला नसतं.

अखंड मुद्रणं कुठं ठेवायची, यालाही उत्तर आपल्या हाताशी आहे. कडोलीला, येळ्ळूरला, उचगावला, बेळगुंदीला आपण दर हिवाळ्यात साहित्य संमेलनं भरवतो. शेतकरी, विणकर, शाळामास्तर स्वतःच्या खिशातून ती उभी करतात, आणि सीमाभागात मराठी जिवंत राहिली त्यात या मांडवांचा वाटा मोठा आहे. ग्रंथदिंडी निघते, कविसंमेलन होतं, कथाकथन होतं. तिथं एक सत्र आवाजाचं असू द्या. त्या वर्षी त्या गावात कोण काय वाजवतं ते पूर्ण मुद्रित करा, गावच्या वाचनालयात ठेवा, आणि दुपारी मुलांना सॅम्पलरवर बसवा. ग्रंथदिंडीतले टाळ, चिरमुरे भाजायची भट्टी, उसाच्या गाडीच्या बैलांचे घुंगरू, जे त्या गावचं असेल ते त्यांनी आणावं. बावीस सेकंदांत काय बसवायचं हे त्यांनी आपसांत भांडून ठरवावं. ते भांडण ऐकायला मला फार आवडेल.

जे गाव हे सत्र घेईल त्याला माझा एमपीसी आठवडाभर द्यायला मी तयार आहे. बारा रिकाम्या फ्लॉपी सोबत देईन. फक्त ट्रान्सफॉर्मर त्याच्यापासून वेगळा करू नका. थेट २३० व्होल्टला लावलं तर मशीन जळेल, आणि त्यातल्या फ्लॉपीवर तो हुंकार आहे.